रंग ‘रन’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: “नव्या कुर्त्याच्या आतल्या चिठ्ठीवर ‘कलर मे रन’ असं छापलंय. लेकीने विचारलं, आई, रंग पळतो म्हणजे काय गं? तिच्या पुस्तकात ‘ही रन्स अ स्कूल’ असं वाक्य आहे, डॉक्टर सर्दीला ‘रनी नोज’ म्हणतात. शब्दकोशात मात्र रन म्हणजे धावणे, पळणे. या सगळ्यांना पुरेल असा एक मराठी शब्द कोणता?”

ताई, असा एक शब्द नाही, आणि तो शोधायच्या नादातच भाषांतरं बिघडतात. ‘संस्था चार शाळा धावते’ असली वाक्यं मी छापलेली पाहिली आहेत. पण तुमच्या लेकीचा प्रश्न फार चांगला आहे, कारण रंगाचं उदाहरण या क्रियापदाच्या मुळाशी जातं.

जुन्या इंग्रजीत ‘रिनन’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ धावणे असा होता, तसाच वाहणे असाही. जर्मनमध्ये हे दोन अर्थ आजही वेगवेगळे दिसतात: ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, ओघळणे. इंग्रजीत दोन्ही एकाच ‘रन’मध्ये राहिले. नळ रन होतो, नाक रन होतं, रंग रन होतो, तिथे पाय कुठेच नाहीत, ओघ आहे.

आता बादलीत बघा. लाल काठाची पांढरी सुती साडी पहिल्यांदा भिजवली की काठाचा लाल रंग पाण्यात उतरतो आणि पांढऱ्या अंगावर गुलाबी डाग पसरतात. इंग्रजी या सगळ्याला एकच ‘रन’ म्हणते. आपण काठाकडे बघून म्हणतो रंग जातो किंवा सुटतो, आणि पांढऱ्या अंगाकडे बघून म्हणतो रंग लागला. उन्हात वाळवून फिका पडला तर रंग उडाला. ते मात्र ‘रन’ नव्हे, ते ‘फेड’. इथे मराठी जास्त बारकाईने बोलते असं माझं ठाम मत आहे.

शाळेचं वाक्य वेगळ्या वाटेने आलं. जुन्या इंग्रजीत स्वतः धावणे आणि दुसऱ्याला धावायला लावणे यांसाठी वेगळी रूपं होती. पुढे दोन्ही ‘रन’मध्येच मिसळली. म्हणून घोडाही रन होतो आणि स्वारही घोडा रन करतो. मराठीत हा भेद जिवंत आहे: चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे. तेव्हा शाळा, दुकान, खानावळ, घर हे सगळं चालवायचं. ‘पळवायचं’ म्हटलं तर चोरीची तक्रार होईल! यंत्र, घड्याळ, पंखा, मोबाइलमधलं अ‍ॅप हेही चालतं. बोलताना कुणी ‘प्रोग्रॅम रन कर’ म्हणालं तर मला खटकत नाही. पण लिहिताना ‘चालव’ हा नेमका शब्द हाताशी असताना तो का सोडावा?

इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुधा चालते, असं म्हणायचा मोह होतो. पण रेल्वे बघा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. ती ‘चालली’ असं कुणी म्हणत नाही. आजही लोकल ‘उशिराने धावत’ असतात. फलाटावर उभा असलेला माणूस मात्र ‘गाड्या लेट आहेत’ एवढंच म्हणतो, आणि तेही शुद्ध मराठीच आहे.

क्रिकेटमध्ये तर आपण नामच उचललं: धाव, धावफलक, धावबाद. चौकार गेला की फलंदाज जागचा हलला नाही तरी चार धावा मिळतात, आणि यात कुणालाही विसंगती वाटत नाही. पण ‘धाव’ काही क्रिकेटबरोबर आलेली नाही. बैलगाडीच्या चाकावर चढवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोट होती तेव्हा विहिरीपासून उतरत जाणारी जी वाट बैल रोज तुडवत, तीही धावच. दोर ओढत बैल धावेवरून खाली गेले की मोट वर यायची. इंग्रजीतही कोंबड्यांना फिरायला घातलेल्या जाळीच्या आवाराला ‘रन’ म्हणतात, बर्फावरून घसरायच्या उताराला ‘रन’ म्हणतात. धावण्याच्या क्रियेचं नाव धावायच्या जागेलाच चिकटायचं, हे दोन्ही भाषांत आपापलं घडलं. मला ही जुळणी फार आवडते.

निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो आणि ब्रिटनमधला ‘स्टँड’. आपला माणूस निवडणुकीला उभा राहतो किंवा ती लढवतो. बाकीचे पटकन: मीठ ‘रन आउट’ झालं की संपलं, जुना मित्र बाजारात ‘रन इंटू’ झाला की अचानक भेटला, रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो तेव्हा तो नदीकाठाने जातो, एखादी गोष्ट कुटुंबात ‘रन’ होते तेव्हा ती घराण्यातच असते.

हा पसारा इंग्रजीतल्या कोशकारांनाही दमवणारा आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे पीटर गिलिव्हर या संपादकाने ‘रन’ नव्याने तपासायला घेतलं. ते काम नऊ महिन्यांहून जास्त चाललं आणि या क्रियापदाचे एकूण ६४५ अर्थ भरले. तेव्हा लेकीला सांगा, ही यादी पाठ करायची नाही. काय हलतंय ते आधी बघायचं, पाणी की यंत्र, रस्ता की रंग. त्या वस्तूबरोबर आपल्या घरात जे क्रियापद येतं तेच लिहायचं.

आणि कुर्त्याच्या चिठ्ठीवर मराठीत छापायचं झालं, तर मी एवढंच छापेन: रंग जातो, वेगळा धुवा.