नकाशा लाल झाला म्हणजे रिसर्च झाला असं नाही

तुझा मेल वाचला. अर्बन रेझिलियन्समध्ये (शहराने ऊन, पूर असे तडाखे झेलून सावरावं कसं, या विषयात) काम करायचंय, आधी जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळायचं तंत्र) शिकू की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, असं विचारलंयस. दोन्ही शीक, त्यावर फार डोकं लावू नकोस, कामापुरतं येऊन जातं.

अवघड आहे ते वेगळंच. उन्हाचंच घे ना. नवीन माणूस लँडसॅट या उपग्रहाचा डेटा उतरवतो, शहराचा लालभडक नकाशा काढतो आणि हीट रिस्क म्हणून पेपर लिहून मोकळा होतो. पण लँडसॅट डोक्यावरून जातो सकाळी दहाच्या आसपास, आणि त्याला दिसतं ते छपराचं, डांबराचं तापमान, आपण ज्या हवेत वावरतो तिचं नाही. त्यात लँडसॅट 8 चा थर्मल पिक्सेल (तापमान टिपणारा एक चौकोन) 100 मीटरचा, म्हणजे अख्खी गल्ली एका ठिपक्यात. आणि घर रात्रीही थंड होत नाही तेव्हा माणूस खरा खचतो, ते या नकाशात कुठंय?

1995 ची शिकागोची उष्णतेची लाट नीट वाचून काढ. 700 हून जास्त माणसं गेली, त्यात एकटे राहणारे म्हातारे बरेच. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या शेजारच्या वस्त्या ताडून पाहिल्या. ऊन तेच, एकटे गरीब म्हातारे दोन्हीकडे साधारण सारखेच, तरी नॉर्थमधला मृत्युदर जवळपास दहापट! साउथमध्ये रस्त्यावर वर्दळ होती, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं सहज बाहेर पडत होती, आणि नॉर्थ ओस पडत चाललेलं, लोक भीतीने दारं लावून आत बसलेले. सॅटेलाइटला हे जन्मात दिसलं नसतं. म्हणून म्हणतोय, मुलाखत घ्यायला शीक, तीही घाई न करता, आणि प्रश्नावली नंतर काढ, आधी नुसतं ऐक.

पुराचंही तेच, तिथे ड्रेनेज खात्यातल्या इंजिनिअरशी ओळख काढ, कुठला पाइप कधी तुंबतो हे त्याला तोंडपाठ असतं आणि रिपोर्टमध्ये त्यातलं निम्मंही नसतं. बजेट वाचायचीही सवय लाव (कंटाळवाणं आहे, मान्य). आणि भिंत किंवा बांध सुचवताना तिथून हलवलेलं पाणी कुणाच्या दारात जाणार हे आधी तपास, आणि वस्ती 'सुधारल्यावर' भाडं वाढून कोण बाहेर फेकलं जाणार तेही.

पीएचडीची घाई नको, आधी एखाद्या पालिकेत किंवा संस्थेत काम कर. आणि गाईड ठरवण्याआधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, फील्डवर्कला पैसे मिळतात का, आणि पेपरवर नाव कुणाचं आधी लागतं.