बांधी विकायच्या आधी पोरीला विचारा

प्रश्न : आम्ही गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातले. साडेतीन एकर धानाची शेती. मुलगी समाजशास्त्रात बी.ए., ६३ टक्के. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी १४६ गुण पडले, पण लागली नाही. वशिला चालला असेल. आता म्हणते, सामाजिक संस्थेत ग्रामसभांच्या वनहक्काचं, म्हणजे गावाच्या जंगलावरच्या हक्काचं, काम करणार. तिथं फंड संपला की घरी. ओळखीतला एक जण १४ लाखांत अनुदानित शाळेत कायम करून देतो म्हणतो, ५ लाख आधी. दीड एकर बांधी (धानाचं शेत) विकायची तयारी आहे. संस्थेतच जायचं तर पगारी संस्थेत जाऊ दे. काय करावं?
– एक वडील

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात बांधीचा गट नंबर आहे, गिऱ्हाईक कोण ते आहे, नोकरी लावून देणाऱ्या माणसाच्या गाडीचा रंगसुद्धा आहे. पोरीचं म्हणणं मात्र एका ओळीत, तेही तुमच्या शब्दांत. तिच्या गुणांची मला काही काळजी वाटली नाही. तुमच्या घाईची वाटली.

आधी १४ लाखांचं बोलू. पद कोणतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे त्यानं सांगितलेलंच नसणार. मुलीचं बी.एड. नाही, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नाही, तेव्हा शिक्षिका होता येत नाही. उरलं लिपिकासारखं शिक्षकेतर पद. अनुदानित शाळेत ते भरायचं तर आधी संचमान्यतेत, म्हणजे सरकारनं शाळेला मान्य केलेल्या पदांत, मंजूर लागतं, बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता) तपासलेली लागते, जाहिरात निघावी लागते. निवडीनंतर शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता येते, मग शालार्थ या सरकारी पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढतं आणि तेव्हा कुठे पगार निघतो. संस्थाचालकाच्या हातात यातली ऑर्डर तेवढी असते. ती घेऊन पोरं रुजू होतात, मस्टरवर सह्या करतात आणि ‘मान्यता येतेच आहे’ ऐकत बिनपगारी वर्षं काढतात. लग्न ठरेपर्यंत ऑर्डर कामाला येते, एवढंच. बरं, मान्यता आली तरी ती खरी का, हे बघावं लागतं. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, अधिकाऱ्यांना अटक झाली. तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

तुमच्या ५ लाखांची पावती मिळणार नाही. फार तर ‘हातउसने’ लिहिलेला स्टँप पेपर मिळेल. लाचेपायी दिलेला पैसा कोर्टात जाऊन परत मागता येत नाही. उलट २०१८ च्या कायदादुरुस्तीपासून लाच देणाऱ्यालाही ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो माणूस पुन्हा आला तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर जवळ ठेवा.

तलाठी भरतीत वशिला चालला असेल, हा तुमचा संशय. ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज होते, एका जागेमागे दोनशेच्या वर. १४६ गुण चांगले, पण त्या गर्दीत कमी पडले. उत्तर इतकं साधं असू शकतं.

आता ‘संस्था’ या शब्दाचा घोळ. आपल्याकडे संस्था म्हटलं की शाळा-कॉलेज चालवणारी, जिथं पैसे भरून लागतात ती. आणि सामाजिक संस्था म्हणजे समाजसेवा, फुकटची, पोट भरल्यावर करायची. तुमच्या डोक्यात हे दोन्ही आहे आणि मुलगी तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलते आहे. मे महिन्यात एक दिवस फळीवर, तेंदूपानं गोळा होतात तिथं, जाऊन बसा. ७० पानांचे पुडे मोजून घ्यायचे, प्रत्येक घराच्या नावासमोर चढवायचे, ठेकेदारानं उचललेल्या मालाशी ताळा करायचा, मजुरी खात्यात पडली का बघायचं, ग्रामसभेचा ठराव असा लिहायचा की साहेबाच्या टेबलावरून परत येऊ नये. तुमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आज गडचिरोलीत अशी हजारावर गावं आहेत. वनहक्क नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून वनोपजाचा वाहतूक परवानाही ग्रामसभा देऊ शकते, पण तो भरायला लिहितं माणूस लागतं. हिशेब येणारी, गावात राहणारी, म्हाताऱ्यांची बोली कळणारी पदवीधर पोरगी पुण्याहून मागवता येत नाही.

फंडाबद्दल मात्र तुमचं अर्धं बरोबर आहे. ही कामं प्रकल्पावर चालतात, बहुतेक दोन-तीन वर्षांच्या. फिल्डवर सुरुवातीचा पगार बहुधा १२ ते २० हजारांत असतो. देणगीदाराचा पुढचा हप्ता आधीच्या खर्चाचा हिशेब गेल्यावर सुटतो, म्हणून कधी दोन महिने पगार अडकतो. (सरकारातही बचत गटांचं काम करणाऱ्या ‘उमेद’ अभियानाची कितीतरी पदं कंत्राटीच आहेत, हे आपण सोयीनं विसरतो.) तेव्हा रुजू होण्याआधी तिनं विचारायचं : माझा पगार कोणत्या प्रकल्पातून निघतो आणि तो कधी संपतो? नेमणूकपत्र लेखी मिळेल का? गाडीच्या पेट्रोलचे पैसे वेगळे का? २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ कापता का? संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागायचा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव बघायचं. पगार खात्यावर टाकून त्यातले काही रोख ‘देणगी’ म्हणून परत मागणाऱ्याही संस्था असतात. अशी निघाली तर त्याच दिवशी बाहेर. असल्या संस्थेचा आणि तुमच्या त्या गाडीवाल्याचा धंदा एकच.

दोन वर्षं तिला हे करू द्या. तलाठी, म्हणजे आताचं ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी (आधीचं ग्रामसेवक), एमपीएससीची संयुक्त परीक्षा यांचे अर्ज ती भरत राहील, सकाळचे दोन तास अभ्यासाला ठेवील. मुख्यमंत्री फेलोशिपला ६० टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो, वय २१ ते २६. टक्के तिच्याकडे आहेत, अनुभव या कामातून येईल. फक्त अनुभवपत्रावर रुजू झाल्याची तारीख, पद आणि काम स्पष्ट हवं. ‘समाजकार्यात सहभाग घेतला’ असल्या पत्राला कोणी विचारत नाही. ‘इतक्या ग्रामसभांचं तेंदू हंगामाचं रजिस्टर आणि हिशेब सांभाळला’ हे चालतं. शिकावंसं वाटलं तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, बंगळुरूला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. अझीम प्रेमजीत घरची परिस्थिती बघून फी माफ होते. तिथल्या मुलाखतीत फळीवरचा एक हंगाम नीट सांगता आला तर ६३ टक्क्यांकडे कोणी फारसं बघणार नाही.

गिऱ्हाइकाला इसार परत करा, घेतला असेल तर. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. चार पानं नकोत, एक पुरे. संस्थेनं नेमणूकपत्र दिलं असेल तर सोबत झेरॉक्स जोडायला सांगा, त्यातल्या अटी वाचून कळवते.