वाचकांचे प्रश्न : शेवटच्या काळाच्या थरारकथा

प्रश्न : ‘लेफ्ट बिहाइंड’ ही अमेरिकन कादंबरीमाला मी नुकतीच वाचून संपवली. विमान समुद्रावर असताना काही प्रवासी एकाएकी नाहीसे होतात, आसनांवर फक्त त्यांचे कपडे उरतात आणि पुढे सात वर्षांचे महासंकट सुरू होते. आम्ही कॅथलिक. लहानपणी धर्मशिक्षणाचे सगळे वर्ग केले, पण फादरांच्या तोंडून असे काही कधी ऐकले नाही. हे खरोखर बायबलमध्ये आहे का?
– एक वाचक, वसई

उत्तर : आपण ते ऐकले नाही, कारण कॅथलिक शिकवणुकीत ते नाहीच. ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठवले जातील आणि सर्वांचा न्याय होईल, एवढे कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट असे सगळेच मानतात. परंतु ख्रिस्त आधी आपल्या लोकांना अचानक उचलून नेईल, मागे राहिलेले जग सात वर्षे ख्रिस्तविरोध्याच्या सत्तेखाली भरडले जाईल आणि त्यानंतर तो सर्वांना दिसेल अशा रीतीने येऊन हजार वर्षे राज्य करील, हे वेळापत्रक आज ज्या स्वरूपात कादंबऱ्यांत दिसते ते एकोणिसाव्या शतकातले आहे. आयर्लंडमध्ये अँग्लिकन धर्मगुरू म्हणून सेवा केलेले आणि पुढे प्लिमथ ब्रदरन या पंथाचे अग्रणी झालेले जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) यांनी ते मांडले आणि अमेरिकेच्या अनेक दौऱ्यांत त्याचा प्रसार केला. त्याला खरे बळ मिळाले ते १९०९ मध्ये, जेव्हा सायरस स्कोफील्ड यांच्या टिपांसह बायबलची एक आवृत्ती ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केली. वचन वर आणि त्याचा अर्थ त्याच पानावर खाली, अशी तिची रचना होती. पिढ्यानपिढ्या ती वाचणाऱ्या घरांमध्ये वचन कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते, याचे भान हळूहळू सुटत गेले, असे मला वाटते.

हे वेळापत्रक बायबलच्या कोणत्याही एका अध्यायात सलग सापडत नाही. जुन्या करारातल्या दानिएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात सत्तर ‘सप्तकांचा’ (सप्तक म्हणजे सातांचा गट, इथे सात वर्षे) उल्लेख आहे. डार्बींच्या परंपरेने त्यांतले शेवटचे सप्तक बाकीच्यांपासून तोडून भविष्यात नेले, आणि त्यातून ती सात वर्षे आली. लोकांवर सत्ता गाजवणारे श्वापद आणि त्याची खूण, म्हणजे ६६६ हा आकडा, बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातून आली. ‘अनीतिमान पुरुष’ थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातून आला. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द तर केवळ योहानाच्या पत्रांत येतो, प्रकटीकरणात तो एकदाही नाही. कादंबरीत मात्र हे सगळे एकाच रुमानियन राजकारण्याच्या अंगी एकवटते, आणि तो बघता बघता संयुक्त राष्ट्रसंघाचा प्रमुख होतो.

मालिकेच्या नावामागची जी कल्पना आहे, ती मूळ वचनापाशी जाऊन पाहावी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात शेतातल्या दोघांपैकी एक घेतला जातो आणि एक ठेवला जातो. ‘घेतला’ तो वाचला आणि ‘ठेवला’ तो अभागी, असे कादंबरीची कल्पना गृहीत धरते. पण त्याच्या लगेच आधीच्या ओळींमध्ये नोहाच्या काळाचा दाखला आहे. लोक खात-पीत होते, लग्ने करीत होते, आणि जलप्रलयाने येऊन त्या सर्वांना वाहून नेले. तिथे जे नेले गेले ते बुडाले आणि जो मागे उरला तो नोहा. त्यामुळे हे वचन कादंबरीच्या नेमके उलटही वाचता येते, आणि अनेक अभ्यासक ते तसेच वाचतात.

दुसरा मोठा आधार थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. विश्वासणारे मेघांमध्ये प्रभूला भेटायला उचलले जातील, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. ते पत्र ज्या लोकांना लिहिले आहे त्यांच्या घरांत मृत्यू झाले होते, आणि आपली माणसे प्रभूच्या येण्याआधीच गेली, आता त्यांचे काय होणार, या काळजीने ते खचले होते. मेलेले मागे राहणार नाहीत, उलट ते आधी उठतील, असा धीर पौल त्यांना देतो आणि या शब्दांनी एकमेकांचे सांत्वन करा असे सांगून तो भाग संपवतो. त्या काळच्या शहरांमध्ये सन्माननीय पाहुणा येणार असला की नागरिक त्याला सामोरे जाऊन वाजतगाजत आत घेऊन येत, जसे आपल्याकडे गावकरी वेशीपर्यंत जातात. ‘भेटायला जाणे’ हे अनेक अभ्यासक याच अर्थाने घेतात. त्यात पृथ्वी सोडून सात वर्षे निघून जाण्याचा भाग नाही. राहिला हजार वर्षांच्या राज्याचा मुद्दा. संत ऑगस्टिनच्या काळापासून पाश्चात्त्य चर्चने तो आकडा चर्चच्या चालू काळाचे प्रतीक म्हणून वाचला, आणि कॅथलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणाने पृथ्वीवरील अशा राज्याची कल्पना स्पष्टपणे नाकारलेली आहे. आपले फादर काही लपवून ठेवत नव्हते, एवढे निश्चित समजावे.

प्रश्न : धर्मशास्त्र बाजूला ठेवू. थरारकथा म्हणून या कादंबऱ्या इतक्या का खपतात? आणि याच विषयावर साहित्यदृष्ट्या सरस असे काही आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या या मालिकेचा पहिला भाग १९९५ मध्ये आला आणि सोळावा २००७ मध्ये, एकूण खप सहा कोटी प्रतींहून अधिक झाला. तिचा नववा भाग २००१ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरला. लाहे हे पाळक होते, भविष्यवाणीची मांडणी त्यांची. प्रत्यक्ष लेखन जेन्किन्स यांचे.

या खपाचे एक कारण रचनेत आहे. नेहमीच्या थरारकथेत नायक संकट टाळण्यासाठी धावत असतो आणि तो ते टाळेल की नाही, यावर उत्कंठा उभी राहते. इथे संकट टळणारच नसते. प्रकटीकरणात सात मुद्रा, सात कर्णे आणि सात वाट्या यांबरोबर येणाऱ्या आपत्तींचा क्रम वाचकाला आधीपासून ठाऊक असतो, पात्रेही बायबल उघडून पुढची आपत्ती कोणती हे वाचत असतात. मग उत्कंठा उरते ती एवढीच की कोण वेळेत विश्वास ठेवील आणि शेवटपर्यंत कोण जिवंत राहील. ठरलेल्या घटनांच्या आत माणसाने घ्यायचा निर्णय हा खरे तर शोकांतिकेचा ऐवज आहे. पहिल्या भागातला वैमानिक बायको आणि धाकटा मुलगा नाहीसे झालेल्या घरात परत येतो, तो प्रसंग वाचताना त्या ऐवजाचे बळ जाणवते. पुढच्या भागांत मात्र लेखकांना वेळापत्रक पुरे करण्याची घाई होते, आपत्ती एकीमागून एक येत राहतात आणि पात्रे फोनवर आणि विमानांत बोलत राहतात. कोट्यवधी माणसे मरत असताना पानापानावर दुःख मात्र फारसे दिसत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

सरस कृती आपण विचारली आहे. रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ ही १९०७ ची कादंबरी अवश्य वाचावी. बेन्सन हे कँटरबरीच्या आर्चबिशपांचे पुत्र. १९०३ मध्ये ते कॅथलिक झाले आणि पुढच्याच वर्षी धर्मगुरू. त्यांचा ख्रिस्तविरोधी हा शांतिदूत आहे. युद्धाच्या उंबरठ्यावर आलेल्या जगात तो समेट घडवून आणतो, लोक कृतज्ञतेने त्याच्या स्वाधीन होतात, आणि मग त्याच मानवतेच्या नावाखाली रोमवर हवाई हल्ला होतो. इथे कोणी आकाशात उचलले जात नाही. चर्च संकटाच्या आधी निघून न जाता त्याच्या मधोमध उभे राहते, आणि उरलेला पोप नाझरेथमध्ये लपून आपले काम करीत राहतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांना ही कादंबरी वाचायला सांगितले होते. भाषा जुनी आहे, सुरुवात संथ आहे, तरी अत्याचाराला बहुतेक माणसे आनंदाने कशी मान देतात हे त्यात जितके बारकाईने आले आहे, तितके मला नंतरच्या कोणत्याही मालिकेत आढळले नाही.

प्रश्न : आमच्या प्रार्थनागटात काही जण म्हणतात की आधार कार्ड, क्यूआर कोड हीच ६६६ ची खूण आहे आणि रोजच्या बातम्यांतून भविष्यवाणी पूर्ण होत आहे. यावर आपले मत काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रकटीकरण स्वतःच सांगते की तो आकडा एका माणसाचा आहे. हिब्रू आणि ग्रीक लिपींत अक्षरांनाच संख्यामूल्य असे, जसे आपल्याकडे कटपयादी पद्धतीत असते, आणि ‘नीरो कैसर’ हे रोमन सम्राटाचे नाव हिब्रू अक्षरांत मांडले की बेरीज ६६६ येते. त्याच नावाचे लॅटिन वळणाचे रूप घेतले की ६१६ येते, आणि काही प्राचीन हस्तलिखितांमध्ये खरोखरच ६१६ हा आकडा आहे. त्यामुळे रोमन सत्तेच्या दडपणाखाली जगणाऱ्या पहिल्या वाचकांना हा निर्देश कळत असणार, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

बातम्यांवरून भविष्य जुळवण्याचे काय होते, याचे उदाहरण हॅल लिंडसे यांच्या १९७० च्या ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ या पुस्तकात आहे. त्यांनी दहा शिंगांच्या श्वापदाचा संबंध युरोपच्या सामायिक बाजारपेठेशी जोडला. १९८१ मध्ये ग्रीस आला आणि सदस्य दहा झाले, तेव्हा अनेकांना खात्री पटली. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, सदस्य बारा झाले. इस्राएलच्या १९४८ च्या स्थापनेपासून सुमारे चाळीस वर्षांत सगळे घडेल, असेही त्यांनी सुचवले होते. ते १९८८ सालही सरले. यहेज्केलाच्या पुस्तकात इस्राएलवर चालून येणारा गोग म्हणजे सोव्हिएत संघ, असे ते सांगत, आणि १९९१ मध्ये तो संघच राहिला नाही. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या त्याच चोविसाव्या अध्यायात लिहिलेले आहे. आधार कार्डाविषयी खासगीपणाचे प्रश्न जरूर विचारावेत, न्यायालयांतही ते विचारले गेले आहेत; परंतु ते नागरिकांचे प्रश्न म्हणून विचारावेत.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने या मालिकेचे मुलांसाठी लिहिलेले भाग वाचले. आता मी बाजारातून यायला उशीर केला तरी तो घाबरतो, आपण एकटेच मागे राहिलो असे त्याला वाटते. त्याला काय सांगू?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ही भीती खरी आहे आणि तिला हसून वाऱ्यावर सोडू नये. अमेरिकेत १९७२ मध्ये ‘अ थीफ इन द नाइट’ नावाचा याच विषयावरचा चित्रपट निघाला आणि वर्षानुवर्षे चर्चच्या सभागृहांत मुलांना दाखवला गेला. शाळेतून आल्यावर घर रिकामे दिसले की काळजात धस्स होई, असे त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी प्रौढपणी लिहिले आहे. मुलाला भीती दाखवून विश्वासाकडे आणण्याचा हा मार्ग मला अजिबात मान्य नाही. भीतीमुळे त्याची झोप किंवा शाळा बिघडत असेल, तर समुपदेशकांना भेटण्यात संकोच करू नये.

त्याला एवढे जरूर सांगावे की ही कादंबरी आहे, तिच्यातला क्रम माणसांनी जुळवलेला आहे, आणि जगातले बहुसंख्य ख्रिस्ती तो मानत नाहीत. मग त्याच्याबरोबर बसून प्रकटीकरण मराठीत वाचा, पण तेराव्या अध्यायापासून सुरुवात करू नका. आधी दुसरा आणि तिसरा अध्याय घ्या. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया येथील सात मंडळ्यांना लिहिलेली ती पत्रे आहेत. हे पुस्तक खऱ्या गावांतल्या खऱ्या माणसांना पाठवले गेले होते, हे त्यातून मुलाला कळेल. त्यानंतर अठरावा अध्याय वाचा, जो थरारकथांमध्ये नेहमी घाईने उरकला जातो. बाबेल, म्हणजे रोमचे प्रतीक असलेली नगरी, कोसळल्यावर व्यापारी रडतात, आणि आता कोणी विकत घेणार नाही अशा मालाची यादी येते : सोने, रुपे, मोती, तलम वस्त्रे, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, घोडे, रथ आणि सगळ्यांच्या शेवटी माणसे. रोमन साम्राज्याची जहाजे पहिल्या शतकात आपल्या सोपारा-कल्याणच्या बाजूपर्यंत येत होती, आणि त्या वैभवाच्या हिशेबात गुलामांचे जीव कुठल्या ओळीत मांडले जात होते, हे लेखकाने नेमके पाहिले आहे. आपला मुलगा चौदा वर्षांचा आहे. श्वापद कोणत्या देशातून येणार या प्रश्नापेक्षा ही यादी अशी का लिहिली असेल, या प्रश्नावर तो आपल्याशी पुष्कळ बोलू शकेल. एकविसावा अध्याय, जिथे देव सर्वांच्या डोळ्यांतले अश्रू पुसतो, तो त्यानंतर सावकाश घ्यावा.