अर्डुइनो उनोत फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) निम्मी रिकामी असताना बोर्ड मध्येच रीसेट का होतो?

फ्लॅश नव्हे, तुमची रॅम (प्रोग्राम चालताना लागणारी मेमरी) संपतेय. उनोच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये फ्लॅश ३२ केबी (त्यातले ५१२ बाइट उनोचा बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चढवणारा छोटा प्रोग्राम, घेतो), पण रॅम फक्त २ केबी. अवतरणात लिहिलेला प्रत्येक मजकूर फ्लॅशमध्ये असतोच, शिवाय सुरुवातीलाच रॅममध्ये कॉपी होतो. मेनूतले ३० अक्षरांचे ४० मेसेज म्हणजे प्रत्येकाच्या शेवटी येणाऱ्या शून्य बाइटासकट १२४० बाइट गेलेच!

रॅमचे पत्ते २५६ ते २३०३. व्हेरिएबल खालून बसतात, त्यांच्यावर हीप (प्रोग्राम चालताना मागून घेतलेली जागा) वाढतो, आणि स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) वरून खाली येतो. स्टॅक व्हेरिएबलांवर चढला की दोघंही एकमेकांचा डेटा पुसतात. त्यात फंक्शनचा परतीचा पत्ता गेला, की प्रोग्राम भलतीकडेच उडी मारतो. तुम्हाला ते रीसेटसारखं दिसतं.

प्रिंटमधला मजकूर एफ मॅक्रोत, म्हणजे F("...") मध्ये, गुंडाळा, तो फ्लॅशमध्येच राहील. मोठी कोष्टकं प्रोगमेम (PROGMEM, म्हणजे डेटा फ्लॅशमध्येच ठेवायची खूण) लावून ठेवा, फक्त ती वाचायला वेगळं फंक्शन लागतं. आधी हेच करून बघा, बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

सेटिंग जपायला मात्र फ्लॅश वापरू नका. ती १२८ बाइटच्या पानांनी लिहिली जाते, तेही बूटलोडरच्या भागातूनच, आणि साधारण १०,००० वेळाच. त्यासाठी १ केबी ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा टिकवणारी वेगळी मेमरी) आहे, ती १,००,००० वेळा लिहिता येते.