विसावा संघ कशासाठी?

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, एकदा पेन्सिल घेऊन. मुलाखत घेणाऱ्यांनी दिलेला प्रश्न दिसायला साधा आहे: टास्मानियाच्या एकोणिसाव्या संघानंतर एएफएलने, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगने, विसावा संघ घ्यावा का? तू पहिल्याच पानावर ‘घ्यावा’ म्हणून मोकळी झालीस आणि उरलेली अकरा पानं त्याची वकिली केलीस. शहरांची लोकसंख्या, वाढीचा वेग, टीव्हीचा पैसा, सगळं नीट मांडलंयस. पण त्या बारा पानांत एकही माणूस मैदानावर मॅच बघताना दिसला नाही. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं की तू ‘हो काका, हो काका’ म्हणतेस आणि विसरतेस.

गल्लीत गणपतीचं दुसरं मंडळ निघालं म्हणून वर्गणी दुप्पट होत नाही; घरं तेवढीच असतात. फूटीत, म्हणजे या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, वर्गणी म्हणजे खेळाडू. आयपीएलने 2022 साली आठाचे दहा संघ केले, तेव्हा लिलावाला जगभरचे क्रिकेटपटू हजर होते. ऑस्ट्रेलियन रूल्सला ती सोय नाही. हा खेळ पोटापाण्यासाठी खेळायचा तर लीग ही एकच. आयर्लंडहून गेलिक फुटबॉल खेळणारी काही मुलं येतात, ती सोडली तर जवळजवळ सगळं पीक इथल्याच मैदानांवरचं, त्यातही मुख्यतः व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियातलं. एका संघाला चाळीसच्या वर खेळाडू लागतात. ते आणायचे कुठून, याला तुझ्या मसुद्यात एक ओळ आहे: ‘ड्राफ्टमध्ये सवलत देता येईल.’

ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी नव्या पोरांची क्लबांमध्ये क्रमाने होणारी वाटणी, आणि तिथली सवलत देऊन झालेली आहे. 2011 मध्ये गोल्ड कोस्ट सन्स आले, 2012 मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्स. ड्राफ्टमधली वरची बरीचशी पोरं त्यांच्या पदरात टाकली. गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियरसारखा खेळाडू गोल्ड कोस्टचा कर्णधार झाला, रग्बी लीगमधून कार्मायकल हंट आणि इझ्राएल फोलाऊ आणले. फोलाऊ एका हंगामात सोडून गेला. जायंट्सनी पहिल्या वर्षी 22 पैकी 2 सामने जिंकले, दुसऱ्या वर्षी 1. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी दर शनिवारी मार खायचा आणि करार संपला की घरच्या गावी, मेलबर्नला किंवा अ‍ॅडलेडला, परतायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. जायंट्स तरी 2019 मध्ये ग्रँड फायनलला पोचले (आणि रिचमंडकडून 89 गुणांनी हरले). गोल्ड कोस्टला पहिल्यांदा फायनल्स (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) दिसल्या 2025 मध्ये, पंधराव्या हंगामात.

याच्या शेजारी वेस्ट कोस्ट ईगल्स ठेवून बघ. 1987 मध्ये आले आणि 1992 मध्ये प्रीमियरशिप, म्हणजे अजिंक्यपद, घेऊन गेले. अ‍ॅडलेड 1991 मध्ये आलं, 1997 आणि 1998 अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकलं. हे संघही नवेच होते, पण गाव नवं नव्हतं. पर्थ आणि अ‍ॅडलेडमध्ये शंभरेक वर्षं स्वतःच्या लीग चालू होत्या, आजोबांनी नातवाला खांद्यावर बसवून मैदानात नेलेलं होतं. तिथे फक्त दार उघडायचं होतं. गोल्ड कोस्टला आणि पश्चिम सिडनीला घराचा पायाच खणायचा होता. मसुद्यात तू दोन्हींना ‘विस्तार’ हा एकच शब्द वापरलास, आणि माझी पेन्सिल पहिल्यांदा अडली ती तिथेच.

पाया खणूच नये, असं मी म्हणत नाही. साउथ मेलबर्नचा संघ 1982 मध्ये सिडनीला हलवला, तेव्हा लोक हसले होते. 2005 मध्ये ते, म्हणजे सिडनी स्वान्स, प्रीमियरशिप जिंकले आणि आज सिडनीत फूटी आहे ती त्यांच्यामुळेच. पण त्याला तेवीस वर्षं लागली आणि तेवढी वर्षं कुणीतरी पैसे भरले. तुझ्या नफ्या-तोट्याच्या तक्त्याची मुदत पाच वर्षांची आहे. ती वीस कर, आणि मग खालची बेरीज बघून मला फोन कर.

आता जे तुझ्या मसुद्यात अजिबात नाही ते सांगतो. 1996 मध्ये मी या मेलबर्न शहरात नवा होतो. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई बसायच्या. त्या हिवाळ्यात त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर लाल-निळा-सोनेरी मफलर कायम टांगलेला असे. फिट्झरॉयचा. 1897 च्या पहिल्या हंगामातल्या आठ संघांपैकी एक, आठ प्रीमियरशिप जिंकलेला क्लब. तेव्हा तो कर्जात बुडाला होता. नाउरू या इवल्याशा बेटाच्या विमा कंपनीने आपलं कर्ज मागितलं आणि क्लबवर प्रशासक बसला. ऑगस्टअखेर मेलबर्नमधल्या शेवटच्या सामन्यात रिचमंडने त्यांना 151 गुणांनी हरवलं. पुढच्या रविवारी पर्थमध्ये फ्रीमँटलशी शेवटचा सामना झाला, तोही हरले. क्लब ब्रिस्बेन बेअर्समध्ये विलीन झाला आणि 1997 मध्ये पोर्ट अ‍ॅडलेड आत आलं. सोळाच संघ राहिले, कागदावर काहीच बदललं नाही. सोमवारी बाई ऑफिसात आल्या तेव्हा मफलर नव्हता. मी बावळटासारखं विचारलं, ‘आता ब्रिस्बेनला पाठिंबा देणार का?’ त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून आठवतं. पुढे त्या विलीन क्लबने, ब्रिस्बेन लायन्सनी, 2001 ते 2003 सलग तीन प्रीमियरशिप जिंकल्या. बाईंनी त्यातली एकही ग्रँड फायनल पाहिली नाही.

1980 च्या दशकात विस्तार झाला तो केवळ खेळ पसरवायला नव्हे. मेलबर्नचे क्लब कर्जबाजारी होते आणि नव्यांच्या प्रवेश फीचा त्यांना आधार झाला. पुढे तोच विस्तार त्यांच्यातल्या दुबळ्याच्या मुळावर आला. 1996 मध्येच मेलबर्न आणि हॉथॉर्न एक करायचा घाट घातला होता. मेलबर्नच्या सभासदांनी होकार दिला, हॉथॉर्नच्यांनी तो हाणून पाडला. आजही अठरापैकी दहा संघ एकट्या व्हिक्टोरियात आहेत. ‘विसावा कुठला’ असं विचारलं की मेलबर्नमधल्या एखाद्या अशक्त क्लबच्या पोटात गोळा येतो तो त्यामुळे. नॉर्थ मेलबर्नला 2007 मध्ये गोल्ड कोस्टला जा म्हणून पैशांची लालूच दाखवली होती. ते गेले नाहीत. मुलाखतीत समोर बसलेल्यांपैकी कुणाचं कुटुंब कुठल्या क्लबचं आहे ते तुला माहीत नसणार. तेव्हा ‘कमकुवत क्लबांचं स्थलांतर’ हे वाक्य तू ज्या सहजतेने लिहिलंयस, त्या सहजतेने तोंडातून काढू नकोस.

टास्मानियाबद्दल मात्र माझं मत स्वच्छ आहे: त्या बेटाला संघ द्यायलाच हवा होता, आणि फार उशिरा दिला. पीटर हडसन, रॉयस हार्ट, मॅथ्यू रिचर्डसन, जॅक रीवोल्ट ही सगळी त्या बेटाची मुलं, नाव कमावलं दुसऱ्यांच्या जर्सीत. वर हॉथॉर्नला लॉन्सेस्टनमध्ये आणि नॉर्थ मेलबर्नला होबार्टमध्ये खेळवायला त्यांचंच सरकार पैसे मोजत होतं. पाहुण्यांना जेवू घालायचं आणि स्वतःच्या पोराला पाट नाही, असा प्रकार. 2023 च्या मे महिन्यात परवाना मिळाला तोही होबार्टला छप्पर असलेलं 23,000 आसनांचं स्टेडियम बांधायच्या अटीवर. खर्चाचा अंदाज एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला, ‘संघ हवा, स्टेडियम नको’ म्हणत लोक रस्त्यावर उतरले, 2025 मध्ये त्या गदारोळात अविश्वास ठराव आणि मुदतपूर्व निवडणूक झाली, आणि डिसेंबरात कुठे संसदेची मंजुरी मिळाली. दहा डॉलरच्या संस्थापक-सभासदत्वासाठी मात्र लाखाच्या वर लोकांनी नाव नोंदवलं, आणि बेटाची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास. तुझ्या मसुद्यात स्टेडियमच्या खर्चाचा तक्ता आहे, हा दहा डॉलरचा आकडा नाही.

2028 मध्ये डेव्हिल्स, म्हणजे हा टास्मानियाचा संघ, आले की संघ होतील एकोणीस. विषम आकडा, दर आठवड्याला एक संघ घरी बसणार. विसाव्याची खरी घाई या हिशेबातून आली आहे, हे तू पान सातवर जवळजवळ कबूल केलंयस. सम आकडा आणि टीव्हीला आठवड्याला दहावा सामना. 2025 ते 2031 च्या प्रक्षेपण हक्कांचे 4.5 अब्ज डॉलर ठरलेत, तेव्हा पुढच्या करारात दहावा सामना विकता आला तर कुणाला नको असेल? पण वेळापत्रकातलं भोक बुजवायला क्लब काढू नये. मला विचारशील तर विसाव्याला माझं उत्तर आत्ता ‘नाही’ आहे. द्यायचाच झाला तर डार्विनचा विचार मनापासून कर. डार्विन ज्यात आहे त्या नॉर्दर्न टेरिटरीने आणि तिथल्या टिवी बेटांनी या खेळाला मायकल लाँग दिला, रिओली घराणं दिलं. पण साऱ्या टेरिटरीची वस्ती अडीच लाखांच्या आसपास, कंपन्यांचा पैसा कमी, आणि तिथली स्थानिक लीग ऑक्टोबर ते मार्च, पावसाळी दिवसांत खेळली जाते, म्हणजे एएफएलच्या बरोबर उलट. पर्थमधला तिसरा संघ हिशेबात सोपा बसेल. यातलं काय निवडायचं ते तू ठरव, फक्त निवडलंस की कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या मैदानातून, हे त्याच वाक्यात लिही.

माझ्याशी सहमत व्हायची गरज नाही. ‘घ्यावा’ वरच ठाम राहिलीस तरी चालेल, पण मग विरोधी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून दाखव. सध्या ती तू साडेतीन ओळींत उरकली आहेस.

येत्या शनिवारी दुपारी मोकळी राहा. शहरातून 11 नंबरची ट्राम पकड आणि ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर उतर. जुना ग्रँडस्टँड अजून उभा आहे. फिट्झरॉय 2009 पासून हौशी लीगमध्ये तिथे खेळतं, लाल-निळ्या-सोनेरी रंगातच. मी कुंपणापाशी उभा असेन. वारा बोचरा असतो, जाड कोट घाल, आणि मसुद्याची छापील प्रत आण.

तुझा,
काका