पहिली आवृत्ती घेण्याआधी

अरे, तुझा मेसेज मिळाला. जुन्या अमेरिकन पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या म्हणतोस, मस्तच, पण कवी वॉल्ट व्हिटमन आत्ता डोक्यातून काढून टाक. १८५५ च्या त्याच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'च्या छापल्याच होत्या ७९५ प्रती, एखादी विकायला आली तर किंमत ऐकून तुझी आई मलाच फोन करेल.

मी असतो तर लेखक हेन्री डेव्हिड थोरोपासून सुरुवात केली असती, आणि तेही 'वॉल्डन' नाही, ते सगळ्यांनाच हवं असतं. त्याचं पहिलं पुस्तक बघ, 'अ वीक ऑन द कॉन्कॉर्ड अँड मेरिमॅक रिव्हर्स'. १८४९ मध्ये बोस्टनच्या जेम्स मन्रो या प्रकाशकाने हजार प्रती काढल्या, खर्च थोरोच्या डोक्यावर, आणि पुस्तक काही खपेना. १८५३ मध्ये उरलेल्या ७०६ प्रती त्याच्या घरी परत, बिचाऱ्याने स्वतःच पाठीवर घेऊन दोन जिने वर चढवल्या. मग १८६२ मध्ये टिकनर अँड फील्ड्स या दुसऱ्या प्रकाशकाने यातलाच उरलेला माल उचलला, टायटल पेज बदललं आणि नवीन म्हणून विकायला काढला. म्हणजे टायटलवर १८६२, पण आतली पानं १८४९ चीच! ही प्रत १८४९ वालीपेक्षा बरीच कमी पैशात मिळते, स्वस्त मात्र समजू नकोस, साठवावं लागेलच. माझं मत विचारशील तर हीच घे, कारण हा माल लेखकाच्या घरी पडून होता, यापेक्षा जास्त काय पाहिजे?

पान ३९६ नक्की बघ. तिथे तळाशी तीन ओळी छापायच्या राहून गेल्यात आणि काही प्रतींत थोरोने त्या स्वतः पेन्सिलने लिहिल्यात. पण पेन्सिल काय कोणाकडेही असते, त्यामुळे विकणारा 'थोरोचंच अक्षर' म्हणाला की पुरावा माग, नुसत्या त्या ओळींचे जास्त पैसे देऊ नकोस.

आणि टायटलवरच्या सालावर कधीच जाऊ नकोस. हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' कादंबरीच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्या १८५० च्याच, दुसरीत ३० मार्चची तारीख घातलेली प्रस्तावना आहे एवढंच, घाईत बघणारा हमखास फसतो. असले बारकावे जेकब ब्लँकने सुरू केलेल्या 'बिब्लिओग्राफी ऑफ अमेरिकन लिटरेचर' या पुस्तकसूचीत मिळतात, नऊ खंड आहेत, विकत नको घेऊस, लायब्ररीत बसून थोरोचा भाग तेवढा वाच.

विकणाऱ्याकडून टायटल पेज, ३९६ आणि बाइंडिंगचे फोटो मागव, बाइंडिंग दुरुस्त केलंय का ते लेखी विचार, आणि पैसे द्यायच्या आधी सगळं मला पाठव.