मोटरहोममागे गाडी ओढताना जोडब्रेकची निवड

मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) आपल्यामागे जी मोटार ओढते, ती ओढगाडी; तिचे ब्रेक मोटरहोमबरोबर लावणारी पूरक यंत्रणा म्हणजे जोडब्रेक. सर्वप्रथम आपल्या मोटरहोमचे ब्रेक हवेवर चालतात की द्रवावर, हे पाहावे, कारण हवेच्या दाबावर चालणारे काही कायमस्वरूपी जोडब्रेक केवळ एअर ब्रेक असलेल्या डिझेल मोटरहोमबरोबरच चालतात. अमेरिकेत अनेक राज्यांत ३,००० पौंडांपेक्षा जड ओढगाडीला स्वतंत्र ब्रेक बंधनकारक आहेत, आणि आजच्या बहुतेक मोटारी त्याहून जड असतात.

मोटरहोम किंवा ओढगाडी लवकरच बदलणार असाल, तर ओढगाडीत चालकाच्या पायांच्या जागी ठेवून ब्रेकचे पेडल दाबणारी सुटी पेटी पुरेशी आहे; अन्यथा कायमस्वरूपी बसवलेलाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण रोजची मांडामांड टळते आणि चुकाही टळतात. मोटरहोमचा ब्रेक जितक्या जोराने लागेल त्या प्रमाणात ओढगाडीचा ब्रेक लावणारी यंत्रणाच निवडावी.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका दोन:

- ओढगाडी सुटल्यास तिचे ब्रेक लावणाऱ्या स्विचची तार टो-बारला (दोन्ही गाड्या जोडणाऱ्या दांड्याला) बांधणे. ती मोटरहोमच्या सांगाड्यालाच बांधावी. टो-बारच मोटरहोमपासून निखळला, तर टो-बारला बांधलेली तार ओढलीच जाणार नाही.
- ओढगाडीचा ब्रेक लागल्याचे दाखवणारा सूचक दिवा मोटरहोमच्या चालकासमोर न बसवणे. तो ब्रेक नकळत लागून राहिल्यास चाके तापून आग लागू शकते.

पहिल्या प्रवासाआधी मोकळ्या मैदानात चाचणी अवश्य घ्या.